परभाषेच्या उंबरठ्यावर

मनुष्य स्वदेशात असतो तोपर्यंत त्याला आपल्या भाषेची किंमत सहसा कळत नाही. पाणी मागावे, वाट विचारावी, आभार मानावेत, क्षमा मागावी, हे सारे व्यवहार तो श्वासोच्छ्वासाइतक्या सहजतेने करीत असतो. परंतु तोच मनुष्य परक्या देशात पाऊल ठेवतो आणि जन्मभर त्याची सेवा करणारी जिव्हा एकाएकी निकामी होते. दुकानावरची पाटी त्याला वाचता येत नाही. शेजारी बसलेला गृहस्थ काय म्हणतो ते समजत नाही. आणि मोठा विद्वान असूनही तो लहान मुलासारखा परावलंबी होतो. अशा वेळी त्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या वागणुकीचीच कसोटी लागते.

पाश्चात्त्य प्रवाशांची अशी कसोटी पाहणाऱ्या देशांत जपानचे स्थान विशेष आहे. १९६४ साली सुमारे साडेतीन लाख परदेशी लोक जपानला गेले होते. २०२४ साली ही संख्या ३ कोटी ६८ लाखांवर पोहोचली. त्यांतील बहुसंख्य लोक कोरिया, चीन, तैवान अशा शेजारच्या प्रदेशांतले होते. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथून आलेले त्या मानाने थोडे. तथापि या पाश्चात्त्य पाहुण्यांत आणि जपानी यजमानांत भाषेचे व रीतिरिवाजांचे जे अंतर आहे, ते फार मोठे आहे. जपानी लोक आपल्या नम्रतेबद्दल जगभर प्रसिद्ध आहेत. पाश्चात्त्य प्रवासीही बहुधा सद्हेतूनेच तेथे जातात. असे असूनही कित्येकदा एकाला दुसरा असभ्य वाटतो. दोन्ही पक्ष सज्जन असताना असे का व्हावे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक आहे. १६३९ नंतर दोनशेहून अधिक वर्षे जपानने युरोपीय राष्ट्रांना आपली दारे बंद करून घेतली होती. अपवाद केवळ डच व्यापाऱ्यांचा. त्यांनाही नागासाकी बंदरातील देजिमा नावाच्या एका लहानशा कृत्रिम बेटावरच राहण्याची मुभा असे. त्यामुळे जपानमध्ये युरोपातील मुख्यतः एकच भाषा शिकली जाई, आणि ती म्हणजे डच. पुढे १८५३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचा नौदल अधिकारी मॅथ्यू पेरी चार युद्धनौका घेऊन उरागा गावाजवळच्या समुद्रात येऊन उभा राहिला. त्यांतील काळा धूर ओकणाऱ्या प्रचंड नौका पाहून किनाऱ्यावर एकच खळबळ उडाली. एक छोटी जपानी होडी त्या नौकांजवळ गेली. तीत होरी तात्सुनोसुके नावाचा दुभाष्या होता. त्याने वर पाहून मोठ्याने सांगितले, “मला डच भाषा बोलता येते.” मौज अशी, की हे वाक्य त्याने उच्चारले ते इंग्रजीत! सुदैवाने अमेरिकन नौकेवरही डच जाणणारा एक मनुष्य होता. अशा रीतीने दोन राष्ट्रांचे पहिले बोलणे दोघांनाही परक्या असलेल्या तिसऱ्याच भाषेतून सुरू झाले.

पुढील वर्षी, म्हणजे १८५४ साली, कानागावा येथे उभय राष्ट्रांत तह झाला. त्याच्या अकराव्या कलमात शिमोदा बंदरी अमेरिकेचा वाणिज्यदूत नेमण्याविषयी मजकूर होता. इंग्रजी प्रतीप्रमाणे, दोहोंपैकी कोणत्याही एका सरकारास आवश्यक वाटल्यास असा दूत नेमता येणार होता. जपानी प्रतीचा अर्थ मात्र असा होत होता, की दोन्ही सरकारांना आवश्यक वाटले तरच तो नेमावा. १८५६ साली टाउनसेंड हॅरिस हा अमेरिकन दूत शिमोदा येथे उतरला, तेव्हा तेथील अधिकारी चकित झाले. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्याला कोणी बोलावलेच नव्हते! हॅरिस आपला अधिकार सांगत होता, आणि अधिकारी त्याला परत जाण्यास सुचवीत होते. दोघेही आपापल्या प्रतीला धरून बोलत होते. ‘कोणताही एक’ आणि ‘दोन्ही’ यांतील एवढ्याशा फरकाने केवढा पेच उभा राहिला!

या तहाच्या आधी काही वर्षे घडलेली दुसरी एक हकीकत मात्र वेगळा धडा देते. १८४१ साली मांजिरो नावाचा १४ वर्षांचा एक कोळ्याचा मुलगा चार सोबत्यांसह मासे धरावयास गेला असता वादळात सापडला. त्यांची होडी भरकटत एका ओसाड बेटाला लागली. तेथे पक्ष्यांच्या मांसावर व पावसाच्या पाण्यावर त्यांनी सुमारे पाच महिने काढले. अखेर देवमाशांची शिकार करणाऱ्या एका अमेरिकन जहाजाने त्यांना वाचविले. जहाजाचा कप्तान विल्यम व्हिटफील्ड याला जपानीचा एक शब्द येत नव्हता, आणि त्या कोळ्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. परंतु भुकेल्याला अन्न देण्यासाठी व्याकरणाची गरज नसते. कप्तानाने मांजिरोला आपल्या गावी, मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे, नेले आणि शाळेत घातले. तेथील एका चर्चमध्ये या परदेशी मुलाला इतरांबरोबर बसू देण्याचे नाकारले गेले, तेव्हा कप्तानाने तेथे जाणेच सोडून दिले. १८५१ साली मांजिरो स्वदेशी परतला. पुढे त्याने आपल्या देशबांधवांना इंग्रजी शिकविले, १८५९ साली इंग्रजी संभाषणाचे एक पुस्तक लिहिले, आणि १८६० साली अमेरिकेला गेलेल्या जपानी जहाजावर दुभाष्याचे काम केले. एका कप्तानाच्या माणुसकीने अशा प्रकारे दोन देशांमध्ये एक सेतू बांधला.

जपानची दारे उघडल्यावर तेथे पाश्चात्त्य प्रवासी येऊ लागले. इझाबेला बर्ड ही इंग्रज बाई त्यांपैकीच एक. १८७८ साली इतो नावाच्या तरुण दुभाष्याला बरोबर घेऊन तिने उत्तर जपानच्या दुर्गम भागातून प्रवास केला. अनेक खेड्यांतील लोकांनी तोपर्यंत परदेशी स्त्री पाहिलीच नव्हती. तिला पाहावयास माणसांची झुंबड उडे. एकदा अशाच गर्दीत उभी असताना तिने दूरचा देखावा पाहण्यासाठी आपली दुर्बीण बाहेर काढली. तोच सगळे लोक जिवाच्या आकांताने पळत सुटले. तिला काही उलगडा होईना. चौकशी करता इतोने सांगितले, की ही बाई आपल्याला भिवविण्यासाठी पिस्तूल काढीत आहे, असे लोकांना वाटले! बर्डबाईंना हसून हा प्रसंग सोडून देता आला असता. पण तसे न करता त्यांनी इतोकरवी त्या वस्तूचा खरा उपयोग लोकांना समजावून सांगितला. अशा निरुपद्रवी, गरीब स्वभावाच्या लोकांना आपल्यामुळे त्रास व्हावा, याचे त्यांना वाईट वाटले.

याच प्रवासात उलट बाजूचाही एक अनुभव त्यांना आला. सामानाचा एक चामडी पट्टा वाटेत कोठे तरी पडला होता. दिवस मावळला होता; तरीही सामान वाहून आणणारा मनुष्य मागे फिरला आणि पट्टा शोधून घेऊन आला. बाईंनी त्याला काही पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. मुक्कामावर सर्व सामान ठीक पोहोचविणे हे आपले कर्तव्यच होते, असे त्याचे म्हणणे. आजही जपानमध्ये उपाहारगृहात किंवा मोटारीच्या भाड्यावर बक्षिशी देण्याची चाल नाही. पाश्चात्त्य प्रवासी कृतज्ञतेने मेजावर पैसे ठेवून बाहेर पडतो, आणि नोकर ते परत करावयास त्याच्यामागे धावत येतो. देणाऱ्याच्या मते बक्षिशी हा सन्मान असतो. घेणाऱ्याच्या मते चांगले काम हेच कामाचे ब्रीद असते. दोघांचाही हेतू चांगलाच. पण तो सांगण्याची रीत निराळी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परक्या देशात अडसर असतो तो केवळ शब्दांचा नव्हे. सौजन्यालाही आपली अशी एक भाषा असते, आणि ती देशोदेशी बदलते. शब्द कळला नाही तर तो कळला नाही, हे आपल्या ध्यानात येते. पण सौजन्याची खूण कळली नाही तर ते ध्यानातही येत नाही. आपण समोरच्या माणसाला उद्धट ठरवून मोकळे होतो. म्हणून हा दुसरा अडसर पहिल्याहून अधिक अवघड होय.

लाफकाडिओ हर्न या लेखकाने याचे एक हृदयस्पर्शी उदाहरण दिले आहे. हर्न १८९० साली जपानला गेला, मात्सुए गावी शिक्षक झाला आणि पुढे जपानी नागरिकत्व पत्करून कोइझुमी याकुमो या नावाने तेथेच राहिला. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने जपानी लोकांच्या स्मितावर एक निबंध लिहिला आहे. त्यात एका परदेशी बाईची तक्रार येते. तिच्या घरची जपानी दाई एके दिवशी हसतमुखाने तिच्यापुढे आली आणि म्हणाली, “माझा पती वारला, अंत्यविधीला जाण्याची परवानगी असावी.” संध्याकाळी परत आल्यावर अस्थींचे पात्र दाखवितानाही ती हसली. बाईंना ते हसणे निर्दयपणाचे वाटले. हर्नने त्याचा खरा अर्थ उलगडला आहे. ‘हे दुःख माझे आहे, त्याचा भार आपल्यावर पडू नये, आपण मन उदास करून घेऊ नये,’ असे ते स्मित सांगत होते. ज्याला ती बाई कठोरपणा समजली, तो वास्तविक आत्मसंयमाचा व आदराचा कळस होता. एका स्त्रीच्या दुःखाला त्या दिवशी सहानुभूती मिळावयास हवी होती. ती मिळाली नाही, कारण तिचे स्मित कोणाला वाचता आले नाही.

आता जपानी भाषेकडे वळू. मराठीत आपण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करतो. जपानी भाषेत हा आदरभाव सर्वनामापुरता राहत नाही, तर तो क्रियापदालाही व्यापतो. साधे ‘खाणे’ म्हणजे ‘ताबेरु’. पूज्य व्यक्ती खाते तेव्हा ‘मेशिआगारु’. आणि आपण नम्रपणे खातो तेव्हा ‘इतादाकु’. दुसऱ्याच्या नावापुढे ‘सान’ हा आदरार्थी प्रत्यय लावतात. पण तो स्वतःच्या नावाला मात्र कधीच लावावयाचा नसतो. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच सर्वनाम चालत असल्यामुळे पाश्चात्त्य प्रवासी येथे गोंधळतो, आणि आपली ओळख करून देताना आपल्याच नावाला ‘सान’ जोडून बसतो. ऐकणारे मनातल्या मनात हसतात, पण त्याची चूक चारचौघांत दाखवीत नाहीत.

‘हाइ’ म्हणजे ‘होय’, असे संभाषण-पुस्तिकेत छापलेले असते. परंतु जपानी मनुष्य बोलणे ऐकता ऐकता ‘हाइ, हाइ’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो. व्यापारासाठी आलेल्या पाश्चात्त्याला वाटते, की याने आपली अट मान्य केली! नकारार्थी प्रश्नाच्या बाबतीत तर याहून मौज. “आपण मासे खात नाही ना?” असे वाढप्याने विचारले, तर मासे न खाणारा इंग्रज ‘नाही’ म्हणतो; त्याच्या मनात ‘नाही, मी खात नाही’ असे असते. जपानी रीतीने मात्र ‘होय’ वा ‘नाही’ हे विचारणाऱ्याच्या समजुतीला उद्देशून असते. म्हणून ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ‘तसे नाही, मी खातो’ असा होतो. आणि थोड्याच वेळात त्या बिचाऱ्यापुढे माशांचे ताट येऊन ठाकते.

स्पष्ट नकार देणे जपानी माणसाच्या जिवावर येते. एखादी गोष्ट शक्य नसेल तर तो ‘चोत्तो…’, म्हणजे ‘थोडे…’, एवढेच म्हणून वाक्य अर्धवट सोडतो. किंवा ‘ते कठीण आहे’ असे म्हणतो. सरळ बोलण्याची सवय असलेल्या पाश्चात्त्याला वाटते, कठीण असले तरी होईल; आणि तो वाट पाहत बसतो. आपल्याकडेही ‘बघू या’ या उत्तराचा अर्थ जाणत्याला लगेच कळतो. परक्याला तो कसा कळावा? ‘सुमिमासेन’ हा शब्दही असाच बहुगुणी. क्षमा मागावयाची असो, कोणाला हाक मारावयाची असो, की आभार मानावयाचे असोत, हा एकच शब्द पुरतो. आभार मानताना क्षमा का मागावयाची, असे पाश्चात्त्याला वाटते. त्यामागील भाव असा, की माझ्यासाठी आपल्याला तसदी पडली.

काही बाबतींत मात्र मराठी माणसाला जपानी भाषा घरच्यासारखी वाटेल. जपानी वाक्यात मराठीप्रमाणेच आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते. घरातून निघताना जपानी मुलगा ‘इत्ते किमासु’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. आणि घरातील माणसे त्याला ‘जाऊन ये’ अशा अर्थाचे उत्तर देतात. नुसते ‘जातो’ म्हणू नये, हा संकेत हजारो मैल दूर असलेल्या दोन समाजांत सारखाच असावा, हे किती हृद्य आहे!

शब्दांची जी गत, तीच हातवाऱ्यांची. जपानी मनुष्य कोणाला जवळ बोलावताना तळहात खाली करून बोटे हलवितो. दुकानाच्या दारात पंजा उंचावून बसलेली जी मांजरीची मूर्ती आढळते, ती याच खुणेने गिऱ्हाइकाला बोलावीत असते. पाश्चात्त्य देशांत बोलावताना तळहात वर करतात. त्यामुळे जपानी यजमानाची ‘इकडे या’ ही खूण त्यांना ‘दूर जा’ अशी वाटते. महाराष्ट्रातील माणूस येथे फसणार नाही, कारण आपल्याकडेही वडीलधारी माणसे अशीच खूण करतात. भेटीच्या वेळीही तोच प्रकार. एकाने हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने कमरेत वाकून अभिवादन करावे, म्हणजे दोघांचीही तारांबळ उडते. मग दोघेही हसतात, आणि त्या हसण्यानेच खरी ओळख होते.

जपानमध्ये शाळेत इंग्रजी शिकवीत नाहीत की काय, असा प्रश्न कोणी विचारील. शिकवितात, पुष्कळ वर्षे शिकवितात, आणि २०२० पासून तर पाचव्या इयत्तेपासूनच तो रीतसर विषय झाला आहे. परंतु दीर्घकाळ भर राहिला तो व्याकरणावर, वाचनावर व परीक्षेवर. शिवाय चारचौघांत चुकण्याचा संकोच जपानी माणसाला फार. म्हणून रस्त्यात कोणी इंग्रजीत प्रश्न केला तर तो हात हलवून बाजूला होतो, आणि प्रवाशाला तो तुटक वाटतो. त्यातच उच्चारांची अडचण. जपानी भाषेत ‘ल’ आणि ‘र’ हे वेगळे ध्वनी नाहीत, आणि बहुतेक व्यंजनांना स्वर जोडावा लागतो. म्हणून ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. कित्येक इंग्रजी शब्दांनी तर जपानमध्ये येऊन अर्थही पालटले आहेत. ‘मान्शोन’ म्हणजे वाडा नव्हे, तर मोठ्या इमारतीतील सदनिका. आणि हवे तितके वाढून घेण्याच्या जेवणाला ‘बाइकिंगु’, म्हणजे ‘व्हायकिंग’, म्हणतात. कारण १९५८ साली टोकियोच्या एका प्रसिद्ध हॉटेलाने त्या नावाने ही पद्धत सुरू केली.

अशा वेळी पुष्कळ प्रवासी एक चूक करतात. आपले बोलणे कळले नाही असे दिसताच ते तेच वाक्य अधिक मोठ्याने म्हणतात. पण समोरचा मनुष्य बहिरा नसतो! आवाज चढविल्याने अर्थ पोहोचत नाही. भीती मात्र पोहोचते. त्याऐवजी सावकाश बोलावे, लहान वाक्ये वापरावीत, शक्य तर प्रश्न कागदावर लिहून दाखवावा. कारण ऐकून न कळलेले इंग्रजी पुष्कळ जपानी लोकांना वाचून कळते. असे केल्यावर तोच संकोची मनुष्य मदतीला कसा धावतो, ते पाहण्यासारखे असते. जपानमधील बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. पत्ता विभागाच्या व घराच्या क्रमांकांवरून शोधावा लागतो. म्हणून वाट तोंडाने सांगण्याऐवजी कित्येकजण प्रवाशाला इच्छित स्थळापर्यंत नेऊन पोहोचवितात.

चूक एकाच बाजूची असते असेही नाही. एखादा पाश्चात्त्य मनुष्य जपानमध्ये वर्षानुवर्षे राहतो, कष्टाने भाषा आत्मसात करतो आणि दुकानात शुद्ध जपानीत प्रश्न विचारतो. दुकानदार त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मोडक्या इंग्रजीतच उत्तर देतो. किंवा त्याने एकच शब्द उच्चारताच ‘आपले जपानी फार छान!’ अशी वाखाणणी होते. हेतू पाहुणचाराचाच असतो; पण आपण येथे कायमचे परकेच राहणार, असे त्या माणसाला वाटते. समोरच्याने जी भाषा निवडली तिचा मान राखणे, हेही सौजन्यच होय.

तथापि सर्वच दोष भाषेच्या माथी मारता येणार नाही. जपानी घरात शिरताना पादत्राणे दाराशीच काढावीत, सार्वजनिक स्नानगृहात कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावे, आगगाडीत मोठ्याने बोलू नये, या गोष्टी न कळल्याने पाहुणा चुकला तर यजमान ते समजून घेतो. पण कळूनही न पाळणाऱ्याचे काय? फुजी पर्वताजवळच्या फुजिकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजीचे सुंदर दर्शन घडते. त्याचे छायाचित्र घेण्यासाठी अनेक देशांचे प्रवासी तेथे गर्दी करू लागले. रहदारीच्या रस्त्यात उभे राहू लागले, खाजगी जागेत शिरू लागले, कचरा टाकू लागले. सूचनांचे फलक लावले, रखवालदार नेमले. उपयोग झाला नाही. अखेर मे २०२४ मध्ये गावकऱ्यांनी सुमारे २० मीटर लांब व अडीच मीटर उंच काळा पडदा लावून तो देखावाच झाकून टाकला. पुढे ऑगस्टमध्ये वादळाच्या शक्यतेमुळे तो उतरविण्यात आला. क्योटो शहरातील गिओन भागातही नृत्यगायनकुशल स्त्रियांचा पाठलाग करून छायाचित्रे घेणारे लोक इतके वाढले, की २०२४ साली तेथील काही खाजगी गल्ल्या प्रवाशांना बंद कराव्या लागल्या. आपली लाडकी टेकडी वा आपली गल्ली पाहुण्यांपासून झाकण्याची पाळी यावी, याहून यजमानाला दुःखाची गोष्ट कोणती? फलकावरील अक्षरे वाचता येऊनही मनाने न वाचणारा मनुष्य निरक्षराहून अधिक निरक्षर होय.

जपानी लोकांनी हा अडसर दूर करण्यासाठी आपल्या बाजूनेही पुष्कळ प्रयत्न केले आहेत. १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिक क्रीडासामने भरले. जगातील इतक्या भाषांत पाट्या लिहिणे शक्य नव्हते. म्हणून मासारू कात्सुमी यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण कलावंतांनी प्रत्येक खेळासाठी, तसेच स्वच्छतागृह, उपाहारगृह इत्यादी स्थळांसाठी साधी, बोलकी चित्रे तयार केली. आज जगातील प्रत्येक विमानतळावर जी चित्रमय चिन्हे दिसतात, त्यांच्या प्रसाराला या उपक्रमाने मोठे बळ दिले. पण चित्राचाही अर्थ देशपरत्वे पालटतो. उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी जपानमध्ये वाटीसारखी आकृती व तीवर वाफेच्या तीन रेषा असे जुने चिन्ह आहे. परदेशी लोकांना ती गरम जेवण मिळण्याची जागा वाटे! तेव्हा २०१७ साली सरकारने त्या कुंडात तीन माणसे दाखविणाऱ्या चिन्हालाही मान्यता दिली. आणि जुने चिन्ह लोकांना प्रिय असल्यामुळे तेही कायम ठेवले.

याहून मोलाचा एक प्रयत्न संकटातून जन्मला. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहर व भोवतालचा प्रदेश भीषण भूकंपाने हादरला. ६,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या प्रदेशात राहणाऱ्या अनेक परदेशी लोकांना ना जपानी चांगले येत होते, ना इंग्रजी. पाणी कोठे मिळेल, आश्रय कोठे आहे, हे सांगणाऱ्या सूचना त्यांच्या कानांवर पडत होत्या, पण मनापर्यंत पोहोचत नव्हत्या. या अनुभवाने व्यथित होऊन हिरोसाकी विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ काझुयुकी सातो व त्यांचे सहकारी यांनी ‘सोपे जपानी’ ही कल्पना विकसित केली. तीत अवघड शब्दाऐवजी रोजचा शब्द योजतात, आणि एका वाक्यात एकच गोष्ट सांगतात. ‘स्थलांतर करणे’ या अर्थाच्या ‘हिनान’ या भारदस्त शब्दाऐवजी ‘निगेरु’, म्हणजे ‘पळणे’, असा शब्द वापरतात. ‘ताकादाइ’, म्हणजे उंचवट्याचा प्रदेश, याऐवजी ‘ताकाइ तोकोरो’, म्हणजे ‘उंच जागा’, असे म्हणतात. परक्याला आपली भाषा येत नाही म्हणून त्याला दोष देण्याऐवजी आपलीच भाषा त्याच्यासाठी सोपी करावी, हा विचार किती उदार आहे! येथे सौजन्य हे केवळ शोभेचे भूषण राहत नाही. ते प्राण वाचविण्याचे साधन होते.

आज भाषांतर करणारी यंत्रे माणसाच्या खिशात आली आहेत. उपाहारगृहातील खाद्यपदार्थांची यादी ती क्षणात वाचून दाखवितात. त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु अर्धवट सोडलेल्या ‘चोत्तो’मागील नकार, किंवा दुःख झाकणाऱ्या स्मितामागील अश्रू, यंत्राच्या काचेवर उमटत नाहीत. ते वाचण्यासाठी समोरच्या माणसाकडेच पाहावे लागते.

परदेशी जाणाऱ्याने त्या देशाची संपूर्ण भाषा शिकावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण तेथील नमस्कार, आभार आणि क्षमायाचना यांचे चार शब्द त्याने अवश्य शिकावेत. उच्चार चुकले तरी चालेल. त्या चुकलेल्या शब्दांतून ‘मी आपला मान राखू इच्छितो’ हे बिनचूक पोहोचते. आणि एखाद्याची वागणूक खटकली तर त्याला उद्धट ठरविण्यापूर्वी क्षणभर थांबावे, व याच्या देशी या वागण्याचा अर्थ काय असेल, असे स्वतःला विचारावे. दुर्बिणीला पिस्तूल समजून पळणारे ते खेडूत आणि स्मिताला निर्दयपणा समजणारी ती बाई, यांना एका क्षणाचाच विचार हवा होता. जपानी घराच्या उंबरठ्याशी पाहुणा आपली पादत्राणे काढून ठेवतो. परभाषेच्या उंबरठ्यावर काढून ठेवावयाचा असतो तो आपला अहंकार. तेवढा बाहेर ठेवता आला, तर थोड्या शब्दांवरही माणसाचे माणसाशी नाते जुळू शकते.

स्वाध्याय

१. कानागावाच्या तहातील अकराव्या कलमामुळे कोणता पेच निर्माण झाला?
२. जपानी दाईच्या स्मिताचा परदेशी बाईने लावलेला अर्थ व त्याचा खरा अर्थ यांतील फरक स्पष्ट करा.
३. ‘सौजन्यालाही आपली अशी एक भाषा असते,’ हे विधान पाठातील दोन उदाहरणे देऊन पटवून द्या.
४. ‘सोपे जपानी’ या कल्पनेचा जन्म कोणत्या प्रसंगातून झाला? तिचे नियम कोणते?
५. तुमच्या गावी मराठी न जाणणारा एक प्रवासी आला आहे. पूर आल्याची सूचना त्याला समजेल अशा सोप्या मराठीत पाच वाक्यांत लिहा.